स्थौल्य-शस्त्रक्रियेनंतरची शीत-असहिष्णुता : निदान व चिकित्सेची दिशा

प्रास्ताविक

कार्तिक सरता सरता भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी आटोपते, खळ्यांवर शेकोट्या पेटतात आणि वैनगंगेकाठच्या गावांत पहाटेचा गारठा झोंबू लागतो. अशा दिवसांत 'थंडी फार वाजते' ही तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाकडे वैद्याने विशेष लक्ष दिले नाही, तर ते समजण्यासारखे आहे. परंतु तोच रुग्ण वैशाखात, पारा ४४ अंशांवर असताना, दवाखान्यातील पंखा बंद करावयास सांगतो. हातापायांची बोटे गार लागतात. अंगावर शाल असते. चौकशी केल्यावर तो सांगतो, "दीड वर्षापूर्वी नागपूरला पोट लहान करण्याचे ऑपरेशन झाले. वजन तीस किलोने उतरले. साखर गेली, गुडघे सुटले; पण ही थंडी काही जात नाही."

असे रुग्ण आता तालुक्याच्या ठिकाणच्या दवाखान्यांतही दिसू लागले आहेत. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते. पुढची दहा-वीस वर्षे मात्र रुग्ण तुमसर, साकोली, पवनी किंवा लाखांदूर येथे काढतो. थकवा, केसगळती, हातापायांना मुंग्या, थंडी अशा 'किरकोळ' तक्रारींसाठी त्याला लांबचा प्रवास करून शल्यचिकित्सकाकडे जाणे जमत नाही. तो आपल्याकडे येतो, किंवा थेट औषधाच्या दुकानात जाऊन 'ताकदीचे काहीतरी' मागतो. म्हणून या लक्षणाचा अर्थ वैद्य आणि औषध विक्रेता या दोघांनाही नीट उमगणे आवश्यक आहे. बहुतेक वेळा हे शैत्य स्वाभाविक असते. काही वेळा मात्र ते रक्तस्राव, मज्जातंतूंची हानी किंवा पोटातील जंतुसंसर्ग यांची पहिली सूचना ठरते. हे दोन्ही वेगळे कसे ओळखावेत, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

विदर्भात या शस्त्रक्रियेची सार्वत्रिक चर्चा झाली ती २०११ मध्ये, नागपूरचे नेते श्री. नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करवून घेतल्यानंतर. तोवर 'बॅरिएट्रिक सर्जरी' हा शब्द आपल्याकडे फारसा कोणाच्या कानावर नव्हता. तिचा इतिहास मात्र जुना आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात जठराला वळसा देणारी बायपास शस्त्रक्रिया प्रथम रूढ केली.

आज प्रामुख्याने दोन प्रकार प्रचलित आहेत. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती लघ्वंत्राच्या पुढील भागाशी जोडतात. त्यामुळे अन्न उरलेले जठर व ग्रहणी यांना वगळून पुढे जाते. 'मिनी बायपास' हा त्याचाच एक प्रकार होय. पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण शरीरभाराच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन कमी होते, आणि त्यातील बरेचसे पहिल्या सहा महिन्यांतच.

रुग्णाकडून कोणती शस्त्रक्रिया झाली हे अवश्य जाणून घ्यावे. लोहाचे शोषण मुख्यत्वे ग्रहणीत व तिच्या लगतच्या भागात होते. बायपासमध्ये नेमका तोच मार्ग वगळला जातो. बी-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणास जठरातील अम्ल व तेथेच स्रवणारे एक विशिष्ट प्रथिन लागते. दोन्ही प्रकारांत त्यांचे प्रमाण घटते. आपल्या शास्त्राने ग्रहणीला अग्नीचे अधिष्ठान मानले आहे. ज्या रुग्णात अन्न त्या अधिष्ठानाला स्पर्श न करताच पुढे जाते, त्याचा धातुपोषणक्रम आपल्या नेहमीच्या रुग्णाप्रमाणे गृहीत धरता येणार नाही.

शैत्य का उत्पन्न होते?

शरीरातील उष्णतेचा हिशेब घरखर्चासारखा असतो : किती निर्माण होते आणि किती निसटते. या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही बाजू एकाच वेळी बदलतात.

पहिली गोष्ट, आवरण पातळ होते. त्वचेखालील मेदातून उष्णता स्नायूंच्या तुलनेत सुमारे निम्म्याच प्रमाणात वाहते. म्हणजे मेद ही शरीराची गोधडी होय. अनेक वर्षे जाड गोधडीत राहिलेल्या माणसाची ती काही महिन्यांतच काढून घेतली, तर त्याला थंडी वाजणारच.

दुसरी गोष्ट, चुलीतील सरपण कमी होते. आहार अत्यल्प होतो. अन्नाच्या पचनातून जी उष्णता निर्माण होते तीही त्या प्रमाणात घटते. विशेष म्हणजे प्रथिनांतील ऊर्जेचा सुमारे २० ते ३० टक्के भाग पचनाच्या वेळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. पिष्टमय पदार्थांत हे प्रमाण ५ ते १० टक्के, तर स्निग्ध पदार्थांत त्याहूनही कमी असते. थोडा भात व वरणाचे पाणी एवढ्यावर दिवस काढणाऱ्या रुग्णात ही 'पचनाची ऊब' जवळजवळ नाहीशी होते.

तिसरी गोष्ट, शरीर आपण होऊन चूल मंद करते. अन्न कमी मिळू लागले की मेदातून स्रवणारे लेप्टिन घटते, सिंपथेटिक मज्जासंस्थेची क्रिया मंदावते आणि थायरॉईडच्या क्रियाशील संप्रेरकाचे, म्हणजे टी-३ चे, प्रमाण कमी होते. टीएसएच ही चाचणी अशा वेळी प्राकृत येऊ शकते. दुष्काळात तग धरण्यासाठी निसर्गाने केलेली ही काटकसर आहे. त्यातच प्रथिने अपुरी पडली व व्यायाम नसला, तर मेदाबरोबर मांसधातूही झिजतो. आणि हालचालीतून उष्णता निर्माण करणारे मुख्य स्थान मांसधातू हेच आहे.

ही काटकसर केवळ शस्त्रक्रियेपुरती मर्यादित नाही, हे एका प्रसिद्ध प्रयोगाने दाखवून दिले आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. या तरुणांना ऐन उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली व ते जादा पांघरुणे मागू लागले. ही वजनघट आजच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वजनघटीच्या जवळपास आहे, हे लक्षात घेता आपल्या रुग्णाची तक्रार काल्पनिक नाही, हे कुटुंबीयांनाही समजावून सांगता येते.

आयुर्वेदीय दृष्टिकोन

चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोघांचे वर्णन एकत्र केले आहे. अतिकृश मनुष्य व्यायाम, अतिभोजन, भूक, तहान, व्याधी, औषध, तसेच अतिशीत व अतिउष्ण यांपैकी काहीच सहन करू शकत नाही, असे तेथे सांगितले आहे. आपला रुग्ण दर्शनी कृश नसतो. पुष्कळदा तो अजूनही स्थूलच दिसतो. परंतु ज्या वेगाने त्याचा मेद क्षीण झाला, त्या वेगामुळे त्याच्या ठिकाणी कृशाची असहिष्णुता उत्पन्न झालेली असते. स्थूल देहात कृशाची लक्षणे, असे हे विलक्षण मिश्रण आहे. डोळ्यांना स्थौल्य दिसते व हाताला शैत्य लागते. त्यामुळे चिकित्सक गोंधळतो.

दोषविचार करता वाग्भटाचार्यांनी शैत्याशी संबंधित तीन निरनिराळ्या अवस्था सांगितल्या आहेत, त्या येथे फार उपयोगी पडतात. वातवृद्धीत कृशता, कंप, मलाचा अवरोध, निद्रानाश व उष्ण पदार्थांची इच्छा असते. पित्तक्षयात अग्नी मंद होतो, शैत्य जाणवते व प्रभा नष्ट होते. कफवृद्धीत शैत्याबरोबर गौरव, आलस्य व अतिनिद्रा असते. शस्त्रक्रियेनंतरच्या बहुसंख्य रुग्णांत वातवृद्धी व पित्तक्षय यांचे चित्र आढळते. ज्याला गौरव, सूज, आवाजात जडपणा, मलावरोध व अतिनिद्रा आहे आणि ज्याचे वजन उतरण्याचे थांबले आहे, अशा रुग्णात थायरॉईडच्या मांद्याचा विचार आधी करावा.

येथे एक मोठी चूक संभवते. रुग्णाला भूक नाही, थोडे खाल्ले तरी पोट भरते, अंग गार आहे. एवढ्यावरून 'साम कफ' असे निदान होते आणि लंघन, लेखन व तीक्ष्ण दीपन यांची योजना केली जाते. परंतु त्याची अल्पक्षुधा आमामुळे नसते. आमाशयाचे आकारमान घटले आहे, आणि भूक उत्पन्न करणारे घ्रेलिन हे संप्रेरक ज्या भागातून स्रवते तो भागच स्लीव्हमध्ये काढून टाकला आहे. जिव्हा निराम आहे, अंग हलके आहे, मल रूक्ष आहे. तरीही लंघन दिले तर ते आधीच रिकाम्या होत चाललेल्या कोठारातून आणखी धान्य काढण्यासारखे होईल. हेमंतात अग्नीला पुरेसे इंधन मिळाले नाही तर तो शरीरातील रसधातूचेच शोषण करतो व वात प्रकुपित होतो, हा ऋतुचर्येतील सिद्धांत या रुग्णाच्या बाबतीत बाराही महिने लागू पडतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

रक्तक्षयाविषयी एक महत्त्वाची सूचना

सुश्रुताचार्यांनी रक्तक्षयाच्या लक्षणांत त्वचेचे पारुष्य व सिराशैथिल्य यांबरोबर आंबट व थंड पदार्थांची इच्छा हे लक्षण सांगितले आहे. लोहाच्या कमतरतेने ग्रस्त रुग्णांत बर्फ चघळण्याची अनावर इच्छा हे आधुनिक वैद्यकात सुपरिचित असे लक्षण आहे आणि बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरही ते नोंदले गेले आहे. म्हणजे हातपाय गार पडलेला, शाल पांघरलेला रुग्ण घरी फ्रीजमधील बर्फाचे खडे चघळत असतो. तो हे आपण होऊन सांगत नाही, विचारल्यावर ओशाळतो. हा विरोधाभास दिसताच रक्तक्षयाचा विचार प्रथम करावा. 'बर्फ, माती, कच्चे तांदूळ किंवा खडू खावेसे वाटतात का?' हा एक प्रश्न अनेकदा महागड्या तपासणीआधीच दिशा दाखवितो. धानाच्या या प्रदेशात कच्चे तांदूळ चघळण्याची सवय सहज दुर्लक्षिली जाते, म्हणून तिचा उल्लेख मुद्दाम केला.

पूर्व विदर्भात आणखी एक काळजी घ्यावी लागते. सिकलसेल विकाराचे प्रमाण आपल्या भागात लक्षणीय आहे. जुलै २०२३ पासून केंद्र शासनाने त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमही हाती घेतली. यास्तव पांडुता दिसली की प्रत्येक वेळी लोहच कमी असेल असे मानू नये. फेरिटिन तपासल्याविना दीर्घकाळ लोहकल्प देऊ नयेत, आणि कुटुंबात सिकलसेलचा इतिहास असल्यास त्याची तपासणी अवश्य करवून घ्यावी. अशा रुग्णात थंडी लागणे हे स्वतःच तीव्र वेदनेच्या झटक्याचे कारण ठरू शकते.

काळानुसार व्यवच्छेद

'शस्त्रक्रियेला किती काळ झाला?' या प्रश्नाच्या उत्तराने अर्धे निदान होते.

पहिला महिना : या काळात थंडी वाजून ताप, नाडीची गती १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात वेदना व अस्वस्थता असल्यास शिवणीतून गळती अथवा जंतुसंसर्ग संभवतो. येथे घरगुती वा दवाखान्यातील कोणताही उपचार करीत बसू नये. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात पाठवावे. 'हिव भरून ताप' आला की आपल्याकडे हिवतापाचा विचार होतो व रक्ताची काचपट्टी घेतली जाते. ती अवश्य घ्यावी, पण तिच्या अहवालासाठी रुग्णाला थांबवून ठेवू नये.

एक ते सहा महिने : वजन सर्वाधिक वेगाने उतरण्याचा हा काळ. ताप नाही, नाडी प्राकृत आहे, रुग्ण हिंडता-फिरता आहे आणि केवळ थंडी वाजते, तर ती बहुधा स्वाभाविक असते. मात्र याच काळात वारंवार उलट्या होत असतील तर बी-१ म्हणजे थायमिन झपाट्याने घटते, कारण त्याचा शरीरातील साठा काही आठवड्यांपुरताच असतो. डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसणे, चालताना तोल जाणे व बुद्धिभ्रम ही मेंदूच्या हानीची लक्षणे होत. येथे एक कळकळीची विनंती करावीशी वाटते. उलट्यांनी थकलेल्या रुग्णाला 'अशक्तपणा' म्हणून ग्लुकोजची सलाईन लावण्याची पद्धत ग्रामीण भागात सर्रास आहे. थायमिन आधी न देता ग्लुकोज दिल्यास उरलेसुरले थायमिनही संपते आणि हानी कायमची होऊ शकते. शस्त्रक्रियेचा इतिहास विचारल्याशिवाय अशा रुग्णाला सलाईन लावू नये.

सहा महिने ते दोन वर्षे : लोहक्षय, प्रथिनांची कमतरता व थायरॉईडच्या औषधाच्या मात्रेतील असंतुलन यांचा हा काळ. ऋतुस्राव होणाऱ्या स्त्रियांत लोहक्षय लवकर व अधिक प्रमाणात दिसतो.

दोन वर्षांनंतर : यकृतातील साठ्यामुळे बी-१२ ची उणीव बहुधा उशिरा प्रकट होते. शैत्यासोबत तळपायांना मुंग्या, बधिरता, अंधारात तोल जाणे व विस्मरण ही लक्षणे असल्यास विलंब करू नये. केवळ फॉलिक ॲसिड दिल्यास पांडुता सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. म्हणून बी-१२ ची खात्री केल्याशिवाय ते एकटे देऊ नये. क्वचित ताम्रधातूच्या कमतरतेनेही असेच चित्र दिसते.

याखेरीज एक सर्वसाधारण नियम लक्षात ठेवावा. वजन स्थिरावल्यावर शैत्य हळूहळू सुसह्य व्हावयास हवे. वजन स्थिर असताना ते नव्याने सुरू झाले किंवा वाढत गेले, तर त्याला 'ऑपरेशनमुळे असेच व्हायचे' असे म्हणून सोडून देऊ नये. कारण शोधलेच पाहिजे.

खाल्ल्यानंतर अर्ध्या तासात, किंवा दोन-तीन तासांनी, थंड घाम सुटून कंप व घाबरेपणा येत असेल तर तो निराळा प्रकार होय. गोड पदार्थ वेगाने आतड्यात उतरल्याने किंवा त्यानंतर रक्तशर्करा घसरल्याने असे होते. येथे 'साखर खा' हा सल्ला तात्पुरता आराम देतो, परंतु पुढील झटक्याची तयारीही करतो. आहारातील शर्करा कमी करून प्रथिनयुक्त अल्प आहार अनेकवार देणे हा त्यावरील खरा उपाय होय.

आवश्यक तपासण्या

रक्ताची संपूर्ण गणना, फेरिटिन, बी-१२, टीएसएच, अल्ब्युमिन, रक्तशर्करा व ड जीवनसत्त्व या तपासण्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी व्हावयास हव्यात. शरीरात दाह असल्यास फेरिटिन खोटेच वाढलेले दिसू शकते, हेही ध्यानात ठेवावे. दवाखान्यात तापमापक, रक्तदाबमापक व वजनकाटा यांची नोंद प्रत्येक भेटीत घ्यावी. तोंडातील तापमान प्राकृत असून रुग्णाला थंडी जाणवत असेल, तर ती संवेदना आहे. तापमान प्रत्यक्षातच ३५ अंश सेल्सियसच्या खाली असेल व रुग्ण सुस्त असेल, तर ती आणीबाणी आहे.

चिकित्सासूत्र

अतिकृशासाठी चरकाचार्यांनी लघु व संतर्पण असा आहार सांगितला आहे. लहान केलेल्या आमाशयासाठी याहून समर्पक सूत्र सापडणे कठीण. मात्रेने अल्प, पचनास लघु, परंतु धातूंना तृप्त करणारे असे अन्न द्यावे.

१) आहार : दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. आपल्या भागात जेवणाची सुरुवात भाताने होते. या रुग्णाचे पोट चार घासांतच भरते व वरण, मासे तसेच राहतात. म्हणून 'आधी प्रथिन, मग भाजी, शेवटी भात' असा क्रम सांगावा. दोन अंडी, मामा तलावातील रोहू वा कटल्याचे १०० ग्रॅम मऊ शिजविलेले मासे, ३० ग्रॅम मुगाची डाळ, ५० ग्रॅम पनीर, २५ ग्रॅम फुटाण्यांचे पीठ आणि दूध-दही मिळून ३०० मिलिलिटर, एवढ्याने ही गरज जवळपास भागते. शाकाहारी रुग्णांत डाळी, पनीर, दही व सोयाबीन यांचे प्रमाण त्यानुसार वाढवावे. जेवताना पाणी पिऊ नये. अर्ध्या तासाने कोमट पाणी घोट-घोट घ्यावे. सुंठीचा लहान तुकडा घालून उकळलेले पाणी रुग्णाला सुखावते. छातीत वा पोटात जळजळ असल्यास ते टाळावे.

२) अभ्यंग : कोमट तिळतेलाचे नित्य अभ्यंग हा वातशमनाचा व सुखाचा उपाय होय. तीव्र स्वेदन मात्र करू नये. दुर्बल, अतिशुष्क व ओजःक्षीण हे शास्त्रानेच स्वेदनास अयोग्य मानले आहेत. ज्यांच्या पायांना बधिरता आहे त्यांनी शेकोटी, गरम पाण्याची पिशवी व तापविलेली वीट यांपासून जपावे. भाजल्याचे त्यांना कळतही नाही.

३) व्यायाम : केवळ चालणे पुरेसे नाही. मांसधातू टिकविण्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन उचलण्याचे, उठाबशांचे साधे व्यायाम अर्धशक्तीने करावेत.

४) औषधी : मूळ सूत्र बृंहण, अग्निरक्षण व वातानुलोमन हे आहे. शतावरी क्षीरपाक अल्प मात्रेत देता येतो. अश्वगंधा उपयुक्त आहे. परंतु ती थायरॉईड संप्रेरके वाढवू शकते, म्हणून थायरॉईडची गोळी चालू असलेल्या रुग्णात ती देताना टीएसएचवर लक्ष ठेवावे. रक्तक्षयात नवायस लोह, धात्री लोह यांसारखे कल्प आपण देतो. पण शल्यचिकित्सकाने दिलेल्या लोह व बी-१२ च्या जागी नव्हे, तर त्यांच्या जोडीने, तपासणीच्या आधारे द्यावेत. लोहकल्पांनी मल काळा होतो. डांबरासारखा चिकट, चकचकीत व दुर्गंधीयुक्त काळा मल, सोबत चक्कर व नाडीची गती वाढलेली, हा मात्र रक्तस्राव आहे. आपण दिलेल्या लोहाच्या काळिम्याआड तो लपू नये, याची जबाबदारी आपली आहे.

५) वर्ज्य : वजन आणखी उतरावे म्हणून मेदोहर गुग्गुळ, लेखनीय गण, वमन, विरेचन व दीर्घ उपवास यांचा वापर शैत्याने पीडित रुग्णात करू नये. बायपास झालेल्या रुग्णात अचानक मरोड उठून तीव्र उदरशूल झाल्यास आतड्याला पीळ बसलेला असू शकतो. तेथे विरेचक वा बस्ती देणे धोक्याचे आहे.

औषध विक्रेत्यांसाठी

काउंटरवर घेतलेली थोडीशी खबरदारी या रुग्णांचा जीव वाचवू शकते.

• 'ऑपरेशन झालेल्या' रुग्णास डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना देऊ नयेत. बायपासच्या जोडावर व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

• जुन्या चिठ्ठीवर रक्तदाब व मधुमेहाची औषधे देत राहू नये. तीस किलो वजन कमी झाल्यावर जुनी मात्रा अधिक ठरते. ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल यांनी हातपाय गार पडतात. ग्लिमेपिराइडने शर्करा घसरून थंड घाम सुटतो. 'थंडी'चे कारण चिठ्ठीतच दडलेले असू शकते. ही औषधे रुग्णाने आपण होऊन बंद करू नयेत. चिकित्सकाकडून मात्रा नव्याने ठरवून घ्यावी, असे सांगावे.

• लोह व कॅल्शियम एकत्र घेऊ नये. किमान दोन तासांचे अंतर असावे. थायरॉईडची गोळी या दोन्हींपासून चार तास दूर ठेवावी. सर्व गोळ्या सकाळी एकदाच गिळणारा रुग्ण औषध घेऊनही उपाशीच राहतो.

• कॅल्शियम कार्बोनेटला पचनासाठी अम्ल लागते. या रुग्णांत सायट्रेट अधिक योग्य. ऋतुस्राव होणाऱ्या स्त्रिया व बायपासचे रुग्ण यांना सामान्यतः रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम मूलद्रव्य-लोह लागते. फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत ते सुमारे ६० ते ६५ मिलिग्रॅम असते. वेष्टणावरील मोठा आकडा व प्रत्यक्ष लोह यांत फरक असतो, हे ग्राहकाला सांगावे.

• ओमेप्राझोल, पँटोप्राझोल व मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असल्यास बी-१२ ची उणीव वाढते. चहा व त्रिफळ्यातील कषाय द्रव्ये लोहाचे शोषण कमी करतात. लोहाच्या वेळेपासून ती दूर ठेवावीत.

• च्यवनप्राश, अवलेह, गुळाचे पाक व आसवारिष्टे 'ताकदीसाठी' सरसकट विकू नयेत. पहिल्या तिहींतील शर्करेने कंप व घाम येऊ शकतो. आसवारिष्टांत शर्करेबरोबर स्वजनित मद्यांशही असतो आणि शस्त्रक्रियेनंतर मद्यांश रक्तात नेहमीपेक्षा वेगाने शिरतो. इसबगोल व भरड चूर्णे पुरेशा पाण्याविना घेतल्यास अरुंद मार्गात अडकू शकतात.

उपसंहार

शस्त्रक्रिया योग्य की अयोग्य, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. ज्याने ती करवून घेतली आहे तो आज आपला रुग्ण आहे. त्याच्या मधुमेहाला व गुडघ्यांना मिळालेला दिलासा खरा आहे आणि त्याची थंडीही तितकीच खरी आहे. 'कशाला केलेस ऑपरेशन?' असे ऐकावे लागलेला रुग्ण पुढच्या वेळी गोष्ट लपवितो, आणि लपविलेल्या इतिहासाइतका निदानाचा दुसरा शत्रू नाही.

यास्तव प्रत्येक वैद्याने आपल्या रुग्णपत्रकात 'पोटाची कोणती शस्त्रक्रिया झाली आहे काय, केव्हा व कोठे' ही एक ओळ कायमची घालावी. शल्यचिकित्सकाने दिलेल्या कार्डाची छायाप्रत जवळ ठेवावी आणि शंका येताच त्यांच्याशी दूरध्वनीवरून बोलावे. त्यात कमीपणा नाही. बहुसंख्य रुग्णांना प्रथिने, अभ्यंग, ऊबदार वस्त्र व धीर एवढ्यानेच बरे वाटेल. उरलेल्या थोड्यांना वेळेवर पुढे पाठविणे हीच त्यांची चिकित्सा होय. शाल पांघरून आलेल्या रुग्णाचा हात हाती घेऊन नाडी पाहताना, तो गार का आहे, एवढा प्रश्न वैद्याने स्वतःला विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत सोडला नाही, तर प्रस्तुत लेखाचा हेतू सफल झाला असे मानता येईल.